क्लोरीनची राखण

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, आणि वाटावी असा आग्रहही नाही. ज्या माणसानं उभा जन्म पाण्यात क्लोरीन टिकवून धरण्याचा पगार घेतला, त्याच माणसानं म्हातारपणी एका टबातला क्लोरीन दिवसाढवळ्या घराबाहेर काढला. तेही धक्काबुक्की न करता, शिवी न देता, नुसती शेजारी खुर्ची टाकून बसून. असं कुणी सांगितलं तर ऐकणारा आधी सांगणाऱ्याचं तोंड हुंगेल. खुशाल हुंगावं. सुरुवात मात्र अगदी बारकी होती, न्हाणीघराच्या दाराआडून आलेल्या एका वाक्याएवढी. मास्तर बाहेर टॉवेल घेऊन उभे होते. आतून आधी किंचाळणं आलं होतं, मग पाण्याची झटापट, मग त्यांना बाजूला सारून आत गेलेल्या लेकीचं "झालं झालं, पुसते हं," आणि मग हुंदक्यांच्या मधल्या फटीतून नातीचा स्वच्छ आवाज: "मला तूच अंघोळ घालत जा. आबा नको. आबा खोटं बोलतो."

"असं बोलू नये," लेक म्हणाली. 'आबा खोटं बोलत नाहीत,' असं काही ती म्हणाली नाही. मास्तरांनी टॉवेलची घडी उलगडली, पुन्हा घातली. आता मास्तर खोटं बोलतात ही काही घरात नवीन बातमी नव्हती. सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर त्यांनी पोहायला शिकवलं, तलावाचं पाणी सांभाळलं आणि काठावर बसून थापा मारल्या; या तिन्ही कामांतलं तिसरंच त्यांनी सर्वांत मन लावून केलं असं त्यांची बायको म्हणायची. एक माणूस इतका वेळ पाठीवर तरंगत राहिला की त्याच्या पोटावर कबुतरानं घरटं बांधायला घेतलं, आणि मग बिचाऱ्याला पिल्लं उडेपर्यंत बाहेर येता येईना, ही त्यांची हातखंडा गोष्ट. लोक हसायचे, "मास्तर, पुरे," म्हणायचे. पण त्याला 'खोटं' हा शब्द कुणी लावला नव्हता. तो शब्द वेगळाच होता. तो पायात काच घुसावी तसा घुसला, आणि घुसवणारी होती जेमतेम सहा वर्षांची, जी बाळ असताना जमिनीवरून एका रेषेत तुरुतुरु रांगायची म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत.

मुंगीची कातडी जन्मापासूनच हळवी. कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागे, मानेच्या वळीत लाल चट्टे उठायचे, खाजवून खाजवून चिरा पडायच्या. या घरात राहायला आल्यापासून ते वाढलं. इथल्या नळाचं पाणी सोडलं की न्हाणीघरभर औषधी दर्प पसरायचा, असं लेक म्हणायची. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी चट्टे पाहिले, मलम दिलं आणि समजावलं, "दोष क्लोरीनचाच आहे असं मी छातीठोक सांगणार नाही. कोरडेपणा आहे, साबण आहे, गरम पाणी आहे. पण अशा कातडीला क्लोरीन झोंबू शकतो, तेव्हा तो कमी करून बघा. पाणी कोमट, अंघोळ थोडक्यात, आणि अंग ओलसर असतानाच मलम. मात्र अंघोळ टाळायची नाही. जुनं मलम, घाम, खपल्या रोज निघाल्याच पाहिजेत, नाहीतर चिरा चिघळतील." आणि मुंगीनं नेमकी अंघोळच टाळायला सुरुवात केली होती. नळाचा आवाज आला की ती पलंगाखाली शिरे. लेक चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायच्या कामाला, सकाळी लवकर निघायची. जावई बोटीवर, लांबलचक पत्रं आणि पुसट फोन. तेव्हा अंघोळीचं काम आपसूक मास्तरांकडे आलं होतं. नव्हे, त्यांनीच ते ओढून घेतलं होतं. "पाणी ना? पाण्याचं माझ्यावर सोपव. माशाला पोहणं शिकवू नकोस," असं ते लेकीला छाती पुढे काढून म्हणाले होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी टब भरला होता. पाणी रात्रभर उभं ठेवलं की क्लोरीन उडून जातो हे त्यांना ठाऊकच होतं. सकाळी त्यातलंच थोडं तापवून परत टबात ओतलं, वाकून दीर्घ श्वास घेतला आणि जाहीर केलं, "काही वास नाही. झऱ्याचं पाणी आहे."

"झोंबणार नाही?" मुंगीनं विचारलं होतं.

"मुळीच नाही. आबाचा शब्द."

ती त्या शब्दावर पाय ठेवून आत उतरली होती. पाण्यावर नव्हे, शब्दावर. आता टॉवेल हातात धरून उभ्या असलेल्या मास्तरांना तेच पुन्हा पुन्हा दिसत होतं: तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग पाय उचलला. असं पाहणं त्यांनी आयुष्यात हजारदा पाहिलं होतं. तलावाच्या काठावर थरथरत उभं असलेलं पोर, निळे पडलेले ओठ, आणि ते पाहणं. मास्तर पाण्यात कमरेएवढे उभे राहून हात पसरायचे आणि म्हणायचे, "ये. मी धरलंय." पोटाखाली तळहात ठेवून चार हात पुढे न्यायचे, आणि मग "धरलंय, धरलंय, अजून धरलंय" असं म्हणत तळहात हळूच काढून घ्यायचे. पोर पुढे जात राहायचं. अर्ध्यावर गेल्यावर त्याला कळायचं की आपल्याला कुणीच धरलेलं नाही, आणि तोवर ते पोहत असायचं. हे पोहणं शिकवणाऱ्याचं खोटं. या खोट्यावर त्यांनी गावच्या गाव तरंगवलं होतं. स्वतःच्या लेकीलाही असंच शिकवलं. ती मात्र अर्ध्यावरून वळून परत आली होती, काठाला धरून लालबुंद डोळ्यांनी म्हणाली होती, "तुम्ही सोडलंत." "अगं, पण तू पोहलीस ना!" "पोहले. पण तुम्ही म्हणालात धरलंय, आणि सोडलेलं होतं." सगळी पोरं हसत निसटून जायची, हिनंच हिशेब मागितला. बायको तेव्हा जाळीपलीकडे डबा घेऊन उभी होती. घरी जाताना म्हणाली, "भीतीला फसवता येतं हो. दर वेळी भीतीच असेल असं नाही." मास्तरांनी ते तेव्हा कानाआड टाकलं. आता ते नेमकं त्याच कानात वाजलं. मुंगीला भीती नव्हती. तिला झोंबत होतं. भीती खोट्यानं विरघळते, कातडी नाही विरघळत. कातडीला गोष्टी ऐकू येत नाहीत.

लेक बाहेर आली. कामाला जायची वेळ टळून गेली होती, एक बाही ओली झाली होती. "बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही खरंच वास घेतला होता?"

"म्हणजे काय! नाक बुडेपर्यंत घेतला."

"मला दारातूनच येत होता."

मास्तर न्हाणीघरात गेले, टबावर ओणवे झाले, श्वास घेतला. काही नाही. नळ सोडून धारेखाली नाक नेलं. काही नाही. साबण हुंगला, साबणाचा वास आला. टॉवेलला उन्हाचा आला. म्हणजे नाक शाबूत होतं, फक्त त्यातला एक दरवाजा भिंतीत चिणलेला होता. हे किती वर्षांपूर्वी झालं असेल? कारण एके काळी तो वास त्यांच्याच अंगाला येई. केसांना, उशीला, जेवणाच्या डब्याच्या कडीला. लेक लहान असताना ते घरी आले की त्यांच्या गळ्यात नाक खुपसून म्हणायची, "बाबांचा वास." तिच्या लेखी स्वच्छतेचा, संध्याकाळचा आणि बापाचा वास एकच होता. मास्तरांना वाटत आलं होतं की आपण तलाव सोडला तसा तो वासही आपल्याला सोडून गेला. तो कुठेही गेलेला नव्हता. तो इथल्या नळातून रोज येत होता, त्यांच्या नातीला डसत होता, आणि त्यांना मात्र ओळखही दाखवत नव्हता. ज्याच्या जिवावर घर उभं राहिलं, त्याचीच ही घरातली चोरपावलं. मास्तर टबाच्या काठावर बसले. त्यांना त्या वासाचा राग आला, आणि त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, त्याची आठवण आली.

त्या दिवशी लेकीनं दोन गोष्टी सांगितल्या. मुंगीला काही दिवस ती स्वतःच, कामावरून आल्यावर, रडली तरी घाईघाईनं अंघोळ घालेल. आणि दुसरी: "पाण्याबद्दल तिला काही म्हणजे काही सांगू नका. गोष्ट नको, वचन नको, गंमत नको. कबुतराचं सांगा हवं तर."

"कबुतरही पाण्यातच आहे," मास्तर पुटपुटले.

"मग तेही नको."

गप्प बसणं हा मास्तरांचा पिंड नव्हता. मुंगी शाळेतून आली की समोर बसून चित्रं काढायची, मध्येच कोपर खाजवायची. ते नुसतं "खाजवू नकोस गं" म्हणायचे आणि ती "बरं" म्हणायची, जसं पाहुण्याला म्हणतात. तेवढ्या त्या 'बरं'नं त्यांचा दिवस आंबून जाई. पण पाणी त्यांनी सोडलं नव्हतं. निदान टब भरून ठेवणं तरी आपल्याकडे राहू दे, असं त्यांनी लेकीकडून मागून घेतलं होतं. एका संध्याकाळी ते न्हाणीघरात टब भरत उभे होते. पाणी काठाशी आलं, नळ बंद केला, आणि मग त्यांच्या हातांनी आपलं आपण टबाचं मोठं प्लास्टिकचं झाकण उचललं, पाण्यावर सरकवलं, चारी कडा अंगठ्यानं दाबत दाबत बसवल्या, आणि शेवटी झाकणावर दोनदा थापटलं. ती थाप ऐकली आणि मास्तर जागच्या जागी थिजले.

ही थाप तलावाची होती. रोज संध्याकाळी, शेवटचं पोर हाकलून झालं, ऊन उतरलं, की मास्तर पाण्यात क्लोरीनची पूड सोडत. दुपारी कधीच नाही; दुपारचं ऊन क्लोरीन खाऊन टाकतं, वारा उरलेला चाटून नेतो, हे तलावावर आलेल्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवलं जाई. मग रुळावर गुंडाळलेलं लांबलचक निळं आच्छादन तलावावर ओढायचं, कडा दाबायच्या, आणि सगळं नीट बसलं याची खूण म्हणून दोनदा थापटायचं. पोरगं झोपवल्यासारखं. या आच्छादनाखाली क्लोरीन सुखरूप राही. उन्हापासून आणि वाऱ्यापासून क्लोरीन राखणं, हीच तर नोकरी होती. आणि त्या हातांनी, निवृत्त होऊनही हुकमाची वाट न पाहणाऱ्या त्या इमानी हातांनी, घरातल्या टबालाही तेच केलं होतं. संध्याकाळी भरायचा, सावलीत ठेवायचा, घट्ट झाकायचा. मास्तरांनी ज्याला रात्रभर निघून जायला सांगितलं होतं, त्याच्या वाटेवरचं दार त्यांनी स्वतःच लावून घेतलं होतं, आणि वर पांघरूण नीट केलं होतं.

ते मोठ्यानं हसायला लागले. इतके की लेक स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं? बाबा! पडलात का?"

"अगं, पडतोय कसला! रात्रभर क्लोरीनची राखण केली गं मी! गुरखा बसवावा तशी!"

तिला समजायला वेळ लागला. मग तिनं झाकणाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि पुष्कळ दिवसांनी तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. "चोरालाच डबा करून दिलात."

"डबा काय, अंथरूण घालून दिलं."

दुसऱ्या दिवसापासून टब सज्जात गेला. सगळ्यांत जास्त ऊन पडणारा कोपरा मास्तरांनी हेरला होता. पसरट टब, काठोकाठ नाही, अर्ध्याहून थोडा वर. वर धूळ पडू नये म्हणून विरळ विणीचं पातळ फडकं, ज्यातून वारा ये-जा करील. मधूनमधून ते फडकं दूर करून तांब्यानं पाणी उंचावरून टबात सोडत, पुन्हा भरत, पुन्हा सोडत. शिळं पाणी ठेवायचं नाही, रोजचं रोज. क्लोरीन गेलेलं पाणी निराधार असतं, जंतूंपासून त्याची राखण कुणी करत नाही. आयुष्यभर ज्या उन्हाशी त्यांचं वैर होतं, त्या उन्हाची आता त्यांनी मनधरणी चालवली. ढग आला की त्यांचा चेहरा पडे. पूर्वी ढग आला की ते काठावर शीळ घालत. खुर्चीवर बसून ते पाण्याकडे बघत राहत, आणि कधी कधी त्यांना वाटे की क्लोरीन जाताना दिसतोय. कडेनं, हळूच, पाठ फिरवून, जुना मित्र न बोलता उठून जावा तसा. 'जा बाबा,' ते मनात म्हणत. 'तुझं माझं काही भांडण नाही. पण पोरगीला सोसत नाही.' हे वेड्यासारखं होतं हे त्यांना कळत होतं. शेजारच्या सज्जातल्या बाईंनाही कळत होतं.

पण तो गेला की नाही, हे कसं समजायचं? नाकावर भरवसा नाही, आणि शब्दावर तर नाहीच. तेव्हा मास्तर बऱ्याच दिवसांनी तलावावर गेले. त्यांच्या जागी आता एक धिप्पाड बाई होत्या, गळ्यात शिट्टी, आवाज असा की पाणी घाबरून दोन्ही काठांना सरावं. मास्तरांनी पाणी तपासायची काचनळी आणि थेंबांची बाटली मागितली.

"तलाव बांधलात की काय मास्तर?" बाई म्हणाल्या.

"बांधलाय छोटासा."

"किती?"

"मांडी घालून एक मुंगी बसेल एवढा."

बाई हसल्या, ही मास्तरांची नवी थाप असं समजल्या, आणि बाटली दिली. खरं बोललं की असं होतं.

मग ते सुरू झालं. मास्तर नळाचं पाणी काचनळीत घेत, थेंब सोडत, आणि पाणी पिवळं होई. टबातलं घेत, तेही पिवळं, थोडं फिकं. दुपारी पुन्हा, अजून फिकं. तपासलेलं पाणी ते बाजूला फेकून देत आणि बाटली उंच फळीवर ठेवत. मुंगी पहिल्या दिवशी खोलीतूनच पाहत होती. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर आली. तिसऱ्यांदा तिनं काचनळी मास्तरांच्या हातातून घेऊन उजेडासमोर धरली, एक डोळा मिटून, आई दुकानात भिंग धरते तशी.

"हे पिवळं म्हणजे ते?"

मास्तरांनी मान हलवली. बोलायचं नाही असं ठरलं होतं.

"म्हणजे अजून आहे."

मान हलली.

"तू बोलत का नाहीस आबा?"

"तुझ्या आईनं पाण्याबद्दल बोलायची बंदी केलीय."

"मग हो का नाही एवढं सांग." तिनं पुन्हा नळी पाहिली. "नाहीतर राहू दे. दिसतंय मला."

दिसतंय मला. मास्तर ते वाक्य मनात घोळवत राहिले. त्यांना थोडं लागलं आणि पुष्कळ बरं वाटलं. आजवर त्यांनी पोरांना पाण्यात नेलं ते स्वतःच्या तोंडाकडे बघायला लावून. ही पहिलीच, जी पाण्याकडे बघत होती. ती रोज शाळेतून आली की दप्तर फेकून आधी सज्जात जाई, आणि निकाल देई: "आज लिंबासारखं." "आज अगदी थोडं, जुन्या कागदासारखं." एकदा ढगाळ दिवशी तिनं आईला फर्मावलं, "आज नको. आज गेलंच नाही ते." आणि लेकीनं निमूट ओल्या मऊ फडक्यानं तिचं अंग पुसून घेतलं. मधल्या काळात मलम चालूच होतं, आईच्या घाईच्या अंघोळी सांजच्याला रडत-रडत का होईना उरकत होत्या, आणि कोपरातल्या चिरांच्या कडा आतून गुलाबी होऊ लागल्या होत्या. यश कुणाचं, मलमाचं की उन्हाचं, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नसतं. मास्तरांना ते जाणून घ्यायचंही नव्हतं.

मग एक सुटीचा दिवस आला, पितळेसारखं लखलखीत ऊन घेऊन. दुपार कलल्यावर मास्तरांनी नळी भरली, थेंब सोडले आणि काही न बोलता मुंगीच्या हातात दिली. तिनं ती उजेडात धरली. फिरवली. पांढऱ्या कागदासमोर धरली. पाणी पाण्यासारखंच राहिलं होतं. लेक दारात ओला हात पदराला पुसत उभी होती.

"आबा," मुंगी म्हणाली, "आता झोंबणार नाही?"

तेच पाहणं. मास्तरांच्या जिभेवर ते शब्द आले होते, तयार, गुळगुळीत, पोटाखाली तळहात यावा तसे. मुळीच नाही. मी आहे ना. त्यांनी दारातल्या लेकीकडे पाहिलं आणि त्यांना काठाला धरलेली, लाल डोळ्यांची तीच मुलगी दिसली, हिशेब मागणारी.

"मला माहीत नाही," मास्तर म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "नळीत तर दिसत नाही. पण तुझ्या चिरांना साधं पाणीही थोडं लागेल कदाचित. लागलं तर लगेच बाहेर ये."

मुंगीनं फ्रॉक काढून आईच्या हातात दिला, टबाजवळ उकिडवी बसली आणि करंगळी बुडवली. उन्हानं पाणी आपसूकच कोमट झालं होतं. मग सगळा पंजा. मग कोपर. कोपराच्या वेळी तिचे डोळे घट्ट मिटले, आणि मास्तरांचेही मिटले. त्यांनी कान लावला. किंचाळणं कुठल्या क्षणी येतं हे त्यांना पाठ होतं. तो क्षण आला, थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि निघून गेला. डोळे उघडले तेव्हा एक पाय आत होता. मग दुसरा. मग ती बसली. पाणी तिच्या पोटाभोवती वर चढलं, गुडघ्यांच्या मागे गेलं, आणि तिनं खांदे कानांपर्यंत उचलले, वाट पाहिली, हळूहळू खाली सोडले. पाण्यात तिचे हात मोठे दिसत होते. तिनं ते उलटेसुलटे करून पाहिले. मग पाण्यावर एक चापट मारली. उडालेले थेंब मास्तरांच्या चष्म्यावर आले, आणि त्या थेंबांतूनच ते तिच्या मानेकडे, त्या वळीकडे टक लावून पाहत राहिले. आत्ता लाल होईल. आत्ता. झालं का? ते ऊन आहे. तो चट्टा जुनाच. आयुष्यात पहिल्यांदाच आपण खोल पाण्यात उभे आहोत आणि तळ लागत नाही असं त्यांना वाटलं. एवढं सुख पुरे. याहून जास्त मागितलं तर हे पाणीही शब्द फिरवील. आता, अजून सगळं चांगलं आहे तोवर, हिला बाहेर काढावं, टॉवेलात गुंडाळावं, मलम लावावं, आणि हा दिवस झाकून ठेवावा. डॉक्टरीणबाईंनी अंघोळ थोडक्यात आटपायला सांगितलीच होती. मास्तरांनी टॉवेल उलगडून दोन्ही हातांत पसरला आणि शक्य तितक्या बेफिकीर आवाजात म्हणाले, "चला मुंगीबाई, बाहेर. झालं, वेळ संपली."

मुंगीनं वळून पाहिलंही नाही. ती मांडी घालून आणखी खाली सरकली, हनुवटीपर्यंत, आणि साऱ्या इमारतीला ऐकू जाईल अशी ओरडली:

"खोटं! आई, आबा खोटं बोलतोय! आत्ताशी तर बसलेय मी!"